चौथ्या दिवसानंतरचे अनारसे

माझी धाकटी बहीण शालू जे सांगते ते खरे नाही, हे मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो. त्यातले काही खरे आहे. पण ज्या क्रमाने आणि ज्या सुरात ती ते सांगते, त्याने ते खोटे होते. गेल्या महिन्यात म्हैसुरात, कुवेंपुनगरात तिच्या घरी आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. तिच्या नातीने सहज विचारले, “अज्जा, तुम्हाला स्वयंपाक येतो?” मी तोंड उघडण्यापूर्वीच शालू ताकाचे भांडे खाली ठेवत म्हणाली, “येतो तर! आमची आई मागच्या पडवीत मरत होती, तेव्हा हा चुलीपुढे बसून अनारसे तळत होता. पुस्तकात बघून.” कोणीतरी हसले, कारण शालूचे बोलणे विनोदी असते असा आमच्या घरात समज आहे. मी ताकभात तसाच ठेवून उठलो आणि रिक्षा करून जयलक्ष्मीपुरमला माझ्या घरी परतलो. आई त्या दिवशी मेली नाही. त्यानंतर ती तीस वर्षांहून अधिक जगली आणि शालूची दोन्ही बाळंतपणे तिनेच केली. एवढी एक गोष्ट जी बाई सोयीस्करपणे वगळते, तिच्या साक्षीवर किती विसंबावे हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे घर शिंप्याचे. विठ्ठलभक्त शिंपी कुटुंबे म्हैसुरात किती पिढ्यांपूर्वी आली हे मला कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही आणि जे खात्रीने सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पुढच्या खोलीत अप्पांचे दुकान आणि मागे आम्ही राहायचो. पहाटेपासून यंत्राच्या पायट्याची टकटक चाले, आणि ती थांबली की समजायचे की अप्पा सुईत दोरा ओवताहेत किंवा गिऱ्हाइकाशी कानडीत हुज्जत घालताहेत. घरात आम्ही मराठी बोलायचो. पण ती मराठी ऐकून महाराष्ट्रातला माणूस क्षणभर थबकला असता. आईचे प्रत्येक तिसरे वाक्य कानडीत शिरून परत यायचे. जेवणही तसेच. नाव मराठी आणि ताटात कानडी सारू, हुळी, पल्या. आमटी म्हणजे काय हे मला सोळाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, आणि ते न कळल्यामुळे माझे काही अडलेही नव्हते.

ते पुस्तक दुकानाच्या फळीवर, बटणांच्या डब्यांखाली पडलेले असे. पुण्याकडून बदलून आलेल्या एका प्राध्यापकांच्या पत्नी अप्पांकडून ब्लाउज शिवून घेत. परत जाताना त्यांनी ते आईला भेट दिले. जाडजूड, पुठ्ठा सुटलेला, आणि आईने पहिल्या दिवशीच ते उचलून फळीवर टाकले. “पुस्तक बघून जेवण करायला मी काय परीक्षेला बसले काय?” असे ती म्हणाल्याचे मला आठवते. शालू म्हणते, आईला देवनागरी वाचता येत नव्हते म्हणून तिने ते टाकले. हेही चूक आहे. आई कानडी शाळेत शिकली होती, पिरियापट्टणला. पण अप्पांच्या अभंगांच्या वहीतून ती अक्षर लावून वाचू शकत असे. तिला वाचता येत होते. तिला ते वाचायचे नव्हते, आणि या दोहोंतला फरक शालूला आजतागायत कळलेला नाही.

आता ज्या चालीरीतीमुळे हे सगळे घडले ती सांगणे भाग आहे, कारण आजच्या मुलींना ती अविश्वसनीय वाटेल. महिन्यातले तीन दिवस आई स्वयंपाकघरात येत नसे. आमच्याकडे त्याला लांब बसणे म्हणत. मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी, तिची वेगळी चटई, वेगळे कांबळे आणि वेगळे ताट असे. तिला कोणी शिवायचे नाही. ताट दूर ठेवायचे आणि तिने ते ओढून घ्यायचे. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की ती पुन्हा घरात. आजी होती तोवर हे तीन दिवस आजी सांभाळायची. ती गेल्यावर अप्पा सांभाळू लागले, म्हणजे तिन्ही दिवस भात आणि मिरीचा सारू. अशाच एका महिन्यात, दुसऱ्या दिवशी रात्री, मी ताट सरकवून दिले. अप्पा शांतपणे म्हणाले, “मग तू कर.” त्यांना वाटले मी गप्प बसेन. ज्यांना वाटते की मी गप्प बसेन, त्यांची माझ्या बाबतीत नेहमीच निराशा झालेली आहे. पुढच्या महिन्यात मी बटणांचे डबे बाजूला करून ते पुस्तक खाली काढले.

शाळेत हिंदी असल्यामुळे अक्षर मला येत होते. भाषा मात्र तिऱ्हाईत निघाली. ‘मंदाग्नीवर ठेवावे’, ‘सारण सैलसर असावे’, ‘अंदाजाने मीठ घालावे’. घरात कोणी असे बोलत नसे. मी पहिल्यांदा मोठ्याने वाचले तेव्हा पडवीतून आईचा आवाज आला, “कोण आलेय रे, पुरोहित काय?” स्वयंपाकघराची एक जाळीची खिडकी पडवीवर उघडत असे. आई तिच्याखाली बसायची आणि मी आत वाचायचो. मी जी प्रमाण मराठी आज लिहितो आणि जिच्याविषयी शालू म्हणते की माझी पत्रे वाचून फोडणी द्यावीशी वाटते, ती मी कोणत्याही शाळेत शिकलेलो नाही. ती मी त्या खिडकीपाशी, चुलीपुढे शिकलो. त्याची मला लाज नाही.

आमची चूल भुशाची होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायची. एकदा पेटली की दोन-तीन तास ती आपल्या मनाने जळते. तिला कमी करता येत नाही, वाढवता येत नाही आणि विझवली तर तेवढा भुसा फुकट जातो. आता अशा चुलीवर मंदाग्नी कुठून आणायचा? पहिल्या महिन्यात मी भरली वांगी केली. पुस्तकात लहान, गोल, जांभळी वांगी सांगितली होती. बाजारात हिरवी आणि लांबट मिळत. सारण दोन्ही टोकांनी बाहेर पडले आणि खाली लागले. आमसूल म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून मी चिंच घातली. वास पडवीत गेला.

“करपले काय रे पांडू?”

“नाही. पुस्तकात खरपूस लिहिलेय.”

“पुस्तकाला नाक आहे काय? पाण्याचा हबका मार, स्वल्प. वरून झाकण ठेव.”

“किती पाणी? पुस्तकात—”

“पुस्तक मिटव आणि कान दे की! कसा आवाज येतो? चर्रर येतो का फसफस? फसफस आली की साकु, पुरे.”

ती चूल दिसत नसताना स्वयंपाक करायची. तेल तापले की नाही, मोहरी संपली की अजून उडते आहे, डाळ उतू जायला आली की नाही, हे ती भिंतीपलीकडून सांगे आणि ते दरवेळी बरोबर असे. दुसऱ्या महिन्यापासून ते तीन दिवस आमच्या घरातले सर्वांत मजेचे दिवस झाले. मी वाचायचो, ती हेटाळणी करायची, आणि मग मी तिने सांगितल्याच्या विरुद्ध करून चुकायचो. जेवण झाल्यावर ती पडवीतून निकाल देई. “मीठ तुझे, तिखट पुस्तकाचे. दोघांचे पटत नाही.” एकदा मात्र पाकातल्या पुऱ्या खाऊन तिने निकाल दिलाच नाही, रिकामे ताट आणखी वाढायला पुन्हा सरकवून दिले. मला अजून आठवते की मी ते सरकलेले ताट बराच वेळ बघत उभा होतो.

अप्पांना हे आवडत होते की नव्हते हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. दुकानात गिऱ्हाइकांपुढे ते म्हणत, “आमचा पांडू पुण्याचे जेवण करतो.” घरात म्हणत, “कात्री धरायच्या वयात झारा धरतोय.”

माझे सगळे लक्ष अनारशांवर होते. पुस्तकात त्यांना तीन पाने दिली होती, आणि लेखिकेने इतक्या सूचना अन्य कोणत्याही पदार्थाला दिलेल्या नव्हत्या. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरावे, ओलसर असतानाच कुटावे. त्यात गूळ मिसळून गोळा डब्यात मुरत ठेवावा, चार-पाच दिवस. मग खसखशीवर थापून तळावे, एकाच बाजूने, उलटू नये. पीठ बिघडले असेल तर अनारसा तेलात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. चांगला असेल तर त्याला जाळी पडते. मी हे खिडकीतून वाचून दाखवले.

“आमचा कज्जायच की हा!” आई म्हणाली. “कज्जायाला तीन दिवस तांदूळ भिजवतात काय? त्यांना पण लांब बसवलेय काय?”

आणि ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की अप्पांनी दुकानातून यंत्र थांबवून विचारले, काय झाले?

अडचण उघड होती. तीन दिवस भिजवणे माझ्या ताब्यात होते. पण चौथ्या दिवशी आई घरात येणार, आणि मग स्वयंपाकघर तिचे. तिच्या स्वयंपाकघरात पुस्तक उघडायची सोय नव्हती. तिने पहिल्याच महिन्यात मला तसे बजावले होते. तरीही त्या महिन्यात आई लांब बसली त्याच दिवशी मी तांदूळ भिजत घातले. अप्पांना हे कळले तेव्हा त्यांनी हिशेब केला आणि अनपेक्षितपणे म्हणाले, “बारसेला नैवेद्य होईल.” एकादशीला आमच्या विठ्ठलमंदिरात भजन आणि दुसऱ्या दिवशी, बारसेला, सकाळी नैवेद्य दाखवून पारणे. त्या वेळी नैवेद्याची पाळी आमची होती. बारस नवव्या दिवशी येत होती. अप्पांनी भजनी मंडळींत सांगूनही टाकले की पुण्याच्या पद्धतीचे अनारसे येणार आहेत. म्हणजे अनारशांची प्रतिष्ठा केवळ माझी राहिली नव्हती. शालू हे कधी सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी तांदूळ उपसले आणि खिन्न होऊन खिडकीशी गेलो. आईने अजून पाणी घेतले नव्हते.

“आई, बंबात पाणी तापलेय.”

तिने कांबळे अंगाभोवती ओढून घेतले. मग म्हणाली, “अजून नाही रे. तू कर तुझे अनारसे. मी आणखी दोन दिवस बसते.”

या वाक्याचा अर्थ मी काय लावला, ते सांगतो. मला वाटले, ती माझ्यासाठी बसली आहे. माझे पीठ होईपर्यंत मला स्वयंपाकघर मिळावे, म्हणून तिने हे दोन दिवस मला दिले. सोळा वर्षांच्या मुलाला याहून वेगळे काय वाटावे? या विषयावर घरात कोणी बोलत नसे. तीन दिवस का असतात हे मला माहीत नव्हते. म्हणून ते चार, पाच किंवा सात का होऊ नयेत हेही मला माहीत नव्हते. मला ती एक प्रकारची रजा वाटे, आणि रजा वाढवता येते हे तर मी शाळेत पाहिलेलेच होते.

सहाव्या दिवशीही ती बसलेली होती. सातव्याही. अप्पा जेवताना खिडकीच्या दिशेने म्हणाले, “पोराच्या हातचे खायची चटक लागली म्हणायची.” आई आतून, म्हणजे बाहेरून, म्हणाली, “होय की. तुम्हाला नाही लागली?” आम्ही सगळे हसलो. शालूही हसली, ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आपण हसलो नाही असा तिचा आज दावा आहे. अप्पा हसले, पण मग त्यांनी भात कालवायचा थांबवून खिडकीकडे पाहिले आणि पुन्हा कालवू लागले. त्यांना काही शंका आली होती काय? मी त्यांना हे कधी विचारले नाही. विचारण्याजोगे त्यांच्यात आणि माझ्यात बरेच काही राहिले. त्यातले हे एक.

तिचे ताट अर्धे परत येऊ लागले. मी ते माझ्या मिठाच्या माथी मारले. दुसऱ्या दिवशी मीठ कमी केले तर ताट तसेच आले, मग वाढवले. निकाल देणे तिने बंद केले होते, आणि मी विचारले की “बरे झालेय” एवढेच म्हणे. माझी आई माझ्या स्वयंपाकाला बरे म्हणते, हे किती विपरीत होते हे मला जाणवले. पण जे जाणवले त्याचे काय करायचे हे कळेना, म्हणून मी पुस्तक उघडून पाहिले. हे वाचून हसू येईल. पण खरोखरच मी शेवटच्या पानांवरचा ‘आजाऱ्यांसाठी पथ्याचे पदार्थ’ हा भाग काढून तिला मुगाचे कढण करून दिले. म्हणजे माझ्या मनाच्या कोणत्या तरी कोपऱ्याने ते ओळखले होते. उरलेले मन डब्यातल्या पिठाचा वास घेत होते. शालू म्हणते, “तुला काही दिसत नव्हते.” मला दिसत होते. मला त्याचा अर्थ लागत नव्हता. या दोन गुन्ह्यांना एकच शिक्षा देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिला कोणी शिवत नव्हते, हे लक्षात घ्यावे. कोणी तिच्या कपाळाला हात लावला नाही, कारण लावायचा नसतो. ती आपले कपडे धुण्याच्या दगडावर स्वतः धुवायची आणि कोणाला दिसू नयेत म्हणून जुन्या लुगड्याखाली वाळत घालायची. पुरुषांनी तिकडे पाहायचे नाही, असा दंडक होता, आणि मी नुकताच पुरुषांत मोडू लागलो होतो.

नवव्या दिवशी, बारसेच्या सकाळी, अप्पा उजाडताच टाळ घेऊन मंदिरात गेले. नैवेद्य न्यायला येतो, तयार ठेव, असे सांगून गेले. मी अंघोळ करून ओलेत्या सोवळ्यात चूल पेटवली. शेंगदाण्याच्या तेलात दोन चमचे तूप घातले. केळीच्या पानावर खसखस पसरली. पीठ काढले तर ते असे मऊ, असे लवचीक आले होते की अजून ते बोटांना आठवते. पहिला अनारसा तेलात सोडला, खसखशीची बाजू वर. तो बुडाला, डळमळला, आणि मग त्याच्या अंगावर एकेक छिद्र उघडत गेले. जाळी! मी ओरडून आईला सांगितले, “आई, पडली!” पडवीतून उत्तर आले, की आले असे मला वाटले, हे मी निश्चित सांगू शकत नाही. भुशाची चूल मध्यावर आली की तासभर एकसारखी जळते. तो तास हाच होता. एक काढायचा, चाळणीत उभा करायचा, पुढचा थापायचा.

याच वेळी शालू आली. ती मागच्या दाराने आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली, कारण मी सोवळ्यात होतो. इथपर्यंत आमच्या दोघांत मतभेद नाहीत. शालूच्या म्हणण्याप्रमाणे ती म्हणाली, “अण्णा, आई उठत नाही. दगडापाशी पडलीय. सगळे लाल आहे.” आणि मी म्हणालो, “शिवू नकोस. थांब.” आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ती थांबली, कारण मी मोठा होतो, आणि थांबून ती मोजत राहिली. आठ अनारसे. नऊ वर्षांच्या मुलीने घाबरलेल्या अवस्थेत आठ अनारसे मोजले!

माझे म्हणणे असे की ती आली, म्हणाली, आणि मी तत्काळ उठलो. कढई चुलीवर तशीच सोडली. मागे धावलो, आईला दोन्ही हातांवर उचलले, सोवळ्यात, नवव्या दिवशी, कशाचाही विचार न करता. आणि शेजारच्या रत्नम्मांना, ज्या इस्पितळात नर्स होत्या, हाक मारली. आईचे अंग थंड होते आणि ती चटईपेक्षा हलकी वाटली. रत्नम्मा आल्या, त्यांनी एक नजर टाकली आणि माझ्यावर ओरडल्या, “इष्टु दिन एन् माडता इद्री?” इतके दिवस काय करत होतात तुम्ही सगळे? त्यांनी टांगा बोलावला. टांगा दारात असतानाच अप्पा नैवेद्याचे तबक घ्यायला आले, कपाळाला बुक्का, गळ्यात टाळ. त्यांनी टाळ उंबऱ्यावर ठेवले आणि काही न विचारता आईचे डोके मांडीवर घेऊन टांग्यात बसले. बारसेच्या दिवशी, मंदिरातून येऊन. त्या दिवशी आमच्या घरातून सोवळे गेले ते परत आले नाही. अनारशांचे पुढे काय झाले यावरही एकमत नाही. मंडळींपैकी कोणीतरी ते नेऊन नैवेद्य दाखवला असे अप्पा म्हणत. शालूच्या मते रत्नम्मांच्या मुलांनी ते संपवले. मी एकही खाल्ला नाही.

गर्भाशयात गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, गर्भाशयच काढून टाकले, आणि आई वाचली. त्यानंतर तिला लांब बसायचे कारण उरले नाही आणि स्वयंपाकघर बाराही महिने तिचे झाले. सोळा वर्षांच्या मुलाला याचे थोडेसे वाईट वाटले, हेही आता लिहून टाकतो, म्हणजे शालूला ते शोधून काढण्याचे श्रम नकोत.

राहिला प्रश्न आठ अनारशांचा. माझ्या बाजूने माझ्याकडे साक्षीदार आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे खुद्द आई. कळल्याबरोबर पांडू धावला, तेलसुद्धा उतरवले नाही, हे तिने सर्वांदेखत सांगितलेले आहे, एकदा नव्हे तर आयुष्यभर. शालूने ते ऐकलेले आहे. शालू त्यावर काही बोलू शकत नाही, आणि म्हणूनच आई गेल्यावर तिने ही आठ अनारशांची कथा सुरू केली, असा माझा आरोप होता. कालपर्यंत होता. काल हे प्रकरण लिहिताना मी कढई चुलीवर तशीच सोडली असे लिहिले आणि पेन थांबले. कारण कढई तशीच सोडली असती, तर तिच्यातला अनारसा जळायला हवा होता. टांगा गेल्यावर घर बंद करायला मी आत गेलो तेव्हा कढई खाली, जमिनीवर होती. चाळणीत अनारसे उभे होते. त्यातला एकही करपलेला नव्हता. डब्यात पीठ उरले नव्हते.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, किंवा जी मला नेहमीच आठवत होती ती मी पहिल्यांदा लिहायला घेतली. इस्पितळात, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, बायकांच्या वॉर्डात मला पाच मिनिटे सोडले होते. अप्पा बाहेर डॉक्टरांशी बोलत होते. आईचे ओठ पांढरे होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “अनारसे हसले काय रे?”

“नाही.”

“एक पण नाही?”

“एक पण नाही.”

तिने डोळे मिटले. मला वाटले झोपली. मग म्हणाली, “मी ऐकत होते. शालू बोलली ते ऐकले. मग तेल ऐकत होते. कधी थांबते ते.”

तेवढ्यात अप्पा आत आले. ते खाटेपाशी उभे राहिले आणि गेल्या दहा दिवसांत न विचारलेला प्रश्न त्यांनी मला विचारला, “तुला कधी कळले?” मी तोंड उघडले. खरोखर, मी काय सांगणार होतो हे मला माहीत नाही. त्या क्षणी कदाचित मी सगळे सांगितले असते. पण उत्तर आईने दिले.

“कळल्याबरोबर धावला पोरगा. तेल पण उतरवले नाही.”

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई माझ्याकडे बघत होती. मी तो हात तसाच राहू दिला.